नेवारेच्या नावावरचं खोकं

"मॅडम, पुसलेली एरर पुन्हा पुन्हा परत का येते?"

ओजस ठवकरने चप्पल काढायच्या आधीच विचारलं. एक पाय व्हरांड्यात, एक अजून पायरीवर.

उकेमॅडम खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"बस न."

"बसायला वेळ नाही मॅडम."

"मग उभा राहा."

तो बसला.

प्रमिला उके म्हणजे वर्धा रोडवरच्या एका मोठ्या औषधांच्या गोदामात सॉफ्टवेअर बसवणारी बाई. कुठलं खोकं कुठल्या रॅकवर, ते कोणी उचलायचं, कुठे न्यायचं, हे सगळं कॉम्प्युटरवर आणलं ते त्यांनी. ओजस त्यांच्या हाताखाली शिकला. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांची खुर्ची त्याला मिळाली. मिळाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते खुर्चीची उंची वाढवण्याचं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. पोरगा उंच आहे.

हुशारही आहे. पण हुशार माणसांची एक खोड असते. त्यांना थांबलेलं काही बघवत नाही.

"कोणती एरर?" मॅडमनी विचारलं.

"जागेवर माल नाही."

"मग नसेल."

"मॅडम…"

त्याचा गुडघा हलत होता. फोन मांडीवर उलटा ठेवला होता, तरी मिनिटाला एकदा तो सुलटा करून बघत होता.

"आधीपासून सांग," मॅडम म्हणाल्या.

ओजसने सांगितलं. मी ते थोडक्यात सांगतो, कारण त्याने फार भरभर सांगितलं.

गोदामात प्रत्येकाच्या हातात एक छोटं मशीन असतं. त्यावर वर्क ऑर्डर येते. अमुक रॅकवरचं खोकं उचल, तमुक दाराशी नेऊन ठेव. उचललं की बटण दाबायचं, ठेवलं की पुन्हा दाबायचं. उचलणं आणि ठेवणं यांच्यामध्ये ते खोकं सिस्टिमच्या लेखी कुठल्याच जागेवर नसतं. ते त्या माणसाच्या नावावर असतं.

आता कोणी उचलून मध्येच थांबतो. कोणाची बॅटरी जाते, कोणाला शिडी मिळत नाही. मग ऑर्डर अडकते आणि ऑफिसातल्या स्क्रीनवर लाल ओळ येते. मॅडमच्या काळात अशा लाल ओळी दिवसभर असायच्या. ओजसला त्या सहन होईनात.

"म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला," तो म्हणाला. "त्याचं नाव झाडू. ऑर्डर थोडा वेळ हलली नाही, की झाडू ती रद्द करतो. नवी काढतो आणि जो मोकळा असेल त्याला देतो. अडकलेल्या माणसाच्या मशीनवर लगेच दुसरं काम टाकतो. कोणी रिकामा बसत नाही. स्क्रीन एकदम स्वच्छ. हेड ऑफिसने माझं नाव घेतलं मीटिंगमध्ये."

"छान."

ओजसला ते छान आवडलं नाही. न पटलेल्या गोष्टीला मॅडम असंच म्हणायच्या, हे त्याला माहीत होतं.

"फक्त कालपासून एक ओळ जात नाही. तिसऱ्या रांगेत, वरच्या रॅकवर, इंजेक्शनचं खोकं. माणूस जातो, खोकं नसतं, एरर येते. झाडू ऑर्डर रद्द करतो, नवी काढतो. दुसरा माणूस जातो. खोकं नसतं. परत लाल."

"आणि खोकं कुठे आहे?"

"नेवारेच्या नावावर."

त्याने हे असं सांगितलं, जसं कोणी आपला पिनकोड सांगतं.

मॅडमनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"मोरेश्वर नेवारे?"

"हो."

"कुठे आहे तो?"

"गार्डच्या केबिनजवळ बसवलंय सकाळपासून. मशीन काढून घेतलं. मॅनेजर बारापात्रेसाहेब संध्याकाळी पोलीस स्टेशनला जाणार आहेत. कॅन्सरची इंजेक्शनं आहेत मॅडम, महागडी. त्यांना माझ्याकडून एक कागद पाहिजे. सिस्टिममध्ये कुठलाही दोष नाही, एवढं लिहून द्यायचं."

"आणि तू देणार."

"देणारच. दोष नाहीच आहे. पण स्क्रीनवर लाल ओळ ठेवून दोष नाही कसं लिहू? म्हणून आलो. ती ओळ कशी घालवायची, तेवढं सांगा."

तो नेवारेसाठी आला होता, असं कोणी समजू नये. तो त्या लाल ओळीसाठी आला होता. मला त्याचा राग येतो तो इथे. नेवारेला दुसरं काही काम येत नाही. जन्म गोदामात गेला. एकदा चोर म्हणून नाव ठाण्यात लागलं की त्या रस्त्यावरचं एकही गेट त्याच्यासाठी उघडणार नाही. हे ओजसला माहीत होतं. माहीत असणं आणि टोचणं यांत अंतर असतं, आणि त्या दिवशी ओजस त्या अंतराच्या अलीकडे बसून गुडघा हलवत होता.

"मोरेश्वर काय म्हणते?"

"आठवत नाही म्हणतो. ठेवलं असंन कुठंतरी म्हणतो." ओजस हसला, पण ते हसू नीट बसलं नाही. "मॅडम, माणूस हातातली वस्तू कुठे ठेवली ते विसरतो का? तीही अशी?"



आत कूलर घरघरत होता.

"रद्द करताना एक प्रश्न यायचा न रे," मॅडम म्हणाल्या. "माल कुठे ठेवला? त्याचं उत्तर दिल्याशिवाय ऑर्डर रद्द होत नव्हती."

"तो मी काढला."

"काहून?"

"कोणी नीट भरतच नव्हतं. टिंब टाकायचे आणि पुढे जायचे. आणि झाडू कोणाला विचारणार? प्रोग्रॅमच तो."

"सगळे टिंब टाकायचे?"

"बहुतेक."

"मोरेश्वर?"

ओजसने फोन सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"नेवारे लिहायचा," तो म्हणाला. "नळाजवळ, पंख्याखाली, डाव्या अंगाला, असं काहीतरी. एवढं लांब लिहायचा की ऑफिसमध्ये हसायचे सगळे."

"तूही?"

"…हो."

मॅडमनी त्यावर मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं असतं.

"दाखव तुझी ओळ," त्या म्हणाल्या.

ओजसने घाईघाईत लॅपटॉप उघडला. व्हरांड्यात ऊन होतं. स्क्रीनवर त्याचाच चेहरा दिसत होता.

"इथे नाही दिसायचं. आत चल." मॅडमनी चष्मा काढून त्याच्या हातात दिला. "हा टेबलावर ठेव. मी येते हळूहळू. गुडघे ऐकत नाहीत आता."

ओजस एका हातात लॅपटॉप, एका हातात चष्मा घेऊन आत गेला. टेबलापर्यंत पोचलाही नव्हता.

"ओजस, ते राहू दे. दूध बघ, वास येऊन राहिला."

तो स्वयंपाकघरात धावला. दूध पातेल्याच्या काठाला आलं होतं. त्याने गॅस बंद केला, फडकं शोधायला लागला.

"ते राहू दे. मोटर बंद कर आधी. टाकी वाहून राहिली."

मागच्या बोळात मोटरचं बटण. तो गेला. बटणांची पाटी होती, कुठलं मोटरचं ते कळेना.

"मॅडम, कुठलं बटण?"

"राहू दे, राहू दे. कूलरमध्ये पाणी संपलं वाटते. बादलीभर घाल."

नागपूरच्या मे महिन्यात कूलर कोरडा पडला तर माणूस घरात बसू शकत नाही. त्याने बादली नळाखाली लावली. अर्धी भरली.

"ओजस, गेटवर गाय आली बघ. जास्वंद खाऊन टाकीन माझी. ते पाणी राहू दे."

तो बादली घेऊनच धावला. गाय निवांत होती. त्याने हातवारे केले, तिने पाहिलं, आणखी एक घास घेतला आणि आपल्या वेळेनुसार निघून गेली. एवढ्यात त्याचा फोन वाजला. बारापात्रे. त्याने कापला. लगेच मेसेज आला, कागद कुठे आहे.

ओजस परत आला तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. हातात अर्धी बादली होती. मॅडम आतल्या खुर्चीत येऊन बसल्या होत्या. लॅपटॉप त्यांच्यासमोर टेबलावर होता. तो त्याने कधी ठेवला, हे त्यालाही आठवत नव्हतं.

त्या हे मुद्दाम करत होत्या की खरंच त्यांना एकामागून एक सुचत होतं, मला सांगता येणार नाही. मी पुष्कळ विचार केला आहे त्यावर.

"आण चष्मा," मॅडम म्हणाल्या. "तुझी ओळ बघू."

"टेबलावर आहे न."

टेबलावर लॅपटॉप होता. पाण्याचा तांब्या होता.

"मी इथेच ठेवला मॅडम."

"ठेवला?"

"म्हणजे… ठेवणारच होतो."

तो स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर नव्हता. फडक्याखाली नव्हता. मागच्या बोळात गेला, बटणांच्या पाटीच्या वर हात फिरवला, धूळ लागली. कूलरच्या मागे वाकून बघितलं. बादलीत बघितलं. गेटवर जाऊन जास्वंदीच्या बुडात बघितलं. रस्त्यावरच्या एका माणसाने विचारलं, काय हरवलं? ओजसने स्वतःचा खिसा तपासला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

फोन परत वाजला. त्याने परत कापला.

"मॅडम, दुसरा चष्मा नाही का घरी?"

"नाही."

"मग मी वाचून दाखवतो स्क्रीन."

"वाचता मलाही येते. चष्मा पाहिजे."

"अहो पण सापडत नाही तर काय करू?"

"शेवटचा हात कोणाचा होता?"

"माझा."

"मग तुझ्या नावावर आहे."

ओजस मधल्या खोलीत उभा राहिला. चेहरा लाल झाला होता. उन्हाने झाला होता तेवढाच अपमानानेही.

"मॅडम, मी काय तुमचा चष्मा चोरणार आहे का? इतकी वर्षं ओळखता मला. तुम्ही एक काम धड पुरं होऊ दिलं नाही. दूध, मोटर, पाणी, गाय. हातात काय आहे हे न विचारताच पुढचं…"

तो थांबला.

कूलर कोरडाच चालला होता. गरम हवा फेकत होता.

"बोल न," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण कर."



ओजसने बादली खाली ठेवली. मग ती जागा बरोबर नाही असं वाटून उचलली आणि कूलरमध्ये पाणी ओतलं. सगळं ओतलं. रिकामी बादली नळाखाली नेऊन ठेवली. मोटरचं बटण एक एक दाबून शोधलं आणि बंद केलं. वर टाकीतून पाणी पडायचा आवाज थांबला. दुधावर झाकण ठेवलं. मॅडम आवाजावरून सगळं ओळखत होत्या.

मग तो लॅपटॉपसमोर आला. उभ्यानेच काहीतरी टाइप केलं.

"काय केलं?"

"झाडू बंद केला. त्याने रद्द केलेलं सगळं परत आणलं."

"काय दिसून राहिलं?"

"लाल," ओजस म्हणाला. "एक ओळ. दोन… येऊन राहिल्या मॅडम. अजून येऊन राहिल्या."

तो इतकी वर्षं ऑफिसची मराठी बोलायचा. त्या दिवशी त्याची भाषा घरी आली.

स्क्रीन खालपर्यंत भरली. खाली सरकवली तरी लालच. प्रत्येक ओळीवर एक नाव होतं. शेंडे, टेंभरे, उईके, पुन्हा शेंडे. त्या सगळ्यांच्या हातात कधी ना कधी काहीतरी राहून गेलं होतं. नेवारेच्या हातात महागडं राहिलं, एवढाच फरक.

ओजसने ते पुसायला हात पुढे केला नाही. त्याला ते फार जड गेलं असणार. त्याचा गुडघा अजून हलत होता.

फोन वाजला. बारापात्रे. त्याने वाजू दिला. वाजून थांबल्यावर त्याने गार्डच्या केबिनचा नंबर लावला.

"नेवारेंना द्या… हो, तिथेच बसलेत ते. द्या."

मॅडमनी डोळे मिटले होते.

"नेवारेभाऊ, ओजस बोलतोय."

पलीकडून नुसतं हां आलं. सकाळपासून ज्याने त्याने विचारून झालं होतं. एका प्रश्नाचं उत्तर नसेल तर माणूस शेवटी प्रश्न ऐकायचंच सोडतो.

"भाऊ, खोकं कुठे ठेवलं ते नाही विचारत मी," ओजस म्हणाला. "मला एवढंच सांगा. खोकं हातात असताना मशीनवर दुसरं काय काम आलं?"

"…दुसरं?"

"हो. खोक्याचं काम स्क्रीनवरून गेलं असेल. मग दुसरं आलं असेल."

"गेलं न सायेब. मी शिडीवरून उतरलो, चार पावलं गेलो न गेलो, त गायब. म्या बटन दाबून पाह्यलं, काहीच नाही. मंग सलाईनचं आलं. मागच्या शेडातले डबे. अर्जंट लिहून होतं."

"सलाईनचे डबे एका हाताने उचलतात?"

"कसे उचलन सायेब? दोन्ही हात लागते."

"मग तुम्ही शेडकडे निघाला. कुठल्या बाजूने?"

"पंख्याच्या बाजूनं. तिकडूनच जवळ पडते."

"आणि शेडात पोचल्यावर दोन्ही हातांनी डबे उचलले."

"उचलले न. तेही काम मंग मधातच गेलं. मंग तिसरंच आलं. सायेब, दिवसभर तसंच होते. कालचं सांगू का परवाचं, सारं येकच होऊन जाते डोक्यात."

"म्हणजे शिडी आणि शेड यांच्यामध्ये कुठेतरी हात मोकळे केले तुम्ही."

पलीकडे गोदामातल्या ट्रकचा आवाज…

"सायेब," नेवारे म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मले हे कोणी विचारलंच नाही."

ओजसने फोन कानापासून थोडा दूर धरला, मग पुन्हा जवळ घेतला.

"मी येतोय. कोणी उठू नका म्हणालं तरी तुम्ही उठून उभे राहा. आपण दोघं त्या शिडीपासून चालू. तुम्ही कालसारखंच चाला. मी तुमच्या मागे येतो."

फोन ठेवून त्याने लॅपटॉप बंद केला, बगलेत घेतला. दाराशी गेला, चप्पल घातली, एक पट्टा नीट बसला नाही तसाच पायरी उतरला. पुन्हा वर आला.

"मॅडम, चष्मा…"

"सापडेल."

"मी रात्री येऊन शोधतो."

"ये."

तो पुन्हा उतरला. गेटपर्यंत गेला. गेटची कडी काढली आणि तिथेच थांबला. कडी हातात धरून उभा. बारापात्रेंचा फोन खिशात घरघरत होता.

"मॅडम," त्याने तिथूनच विचारलं. "आणि त्या वाटेवर खोकं नसलंच तर? कोणी उचलून नेलं असेल खरंच, तर? मी त्या कागदावर काय लिहू?"

उकेमॅडम दारापर्यंत आल्या. उन्हाला हात आडवा धरला. चष्मा नसल्यामुळे गेटवरचा माणूस त्यांना नीट दिसत नसावा, पण त्या बरोबर त्याच्याकडेच बघत होत्या.

"माझा चष्मा कोणामुळे हरवला," त्या म्हणाल्या, "ते लिही."